हिमशिखराची तयारी : सह्याद्री पुरेसा नाही

चंदगड - पारगड, कलानंदीगड, महिपाळगड आणि गंधर्वगड हे किल्ले एकाच तालुक्यात असल्याने चंदगडच्या तरुणाला डोंगराची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर हिने मे २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केल्यानंतर जिल्ह्यातील गडवाटा तुडविणाऱ्या मुलामुलींना हिमालय जवळचा वाटू लागला, तर ते साहजिकच आहे. मात्र गडावर कमावलेला आत्मविश्वास हिमशिखरावर कितपत कामी येतो, याचा विचार निधी गोळा करण्याआधी व्हायला हवा.

पारगडाची उंची सुमारे ७४० मीटर, तर राज्यातील सर्वोच्च कळसूबाई शिखराची १,६४६ मीटर. एव्हरेस्ट आहे ८,८४८.८६ मीटर. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब, आणि त्यामुळे मिळणारा प्राणवायू, समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो एक तृतीयांशावर येतो. सह्याद्री पायांत बळ देतो, दमसास वाढवितो, कातळावर दोर हाताळायला शिकवितो. विरळ हवा, हिमभेगा आणि हिमप्रपात यांची ओळख तो करून देऊ शकत नाही.

येथेच अनेकांची गल्लत होते. विरळ हवेशी जुळवून घेण्याची क्षमता केवळ व्यायामाने येत नाही. कसलेल्या तरुणाच्याही फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू शकते. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय दंडक आहे. डोकेदुखीसोबत तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तातडीने खाली उतरणे हाच खरा उपाय होय.

शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची सोय देशात आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून, तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ पासून कार्यरत आहे. सुमारे चार आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात ‘अ’ श्रेणी मिळविणाऱ्यालाच प्रगत अभ्यासक्रमाचे दार उघडते. त्यानंतर सहा हजारी, सात हजारी शिखरे, असा हा काही वर्षांचा प्रवास आहे. सात हजार मीटरहून उंच शिखराचा अनुभव असल्याखेरीज एव्हरेस्टचा परवाना देऊ नये, अशी तरतूद असलेले विधेयक नेपाळमध्ये २०२५ मध्ये मांडले गेले, ते याच कारणाने. वसंत ऋतूतील परवाना शुल्कही त्याच वर्षी ११ हजारांवरून १५ हजार डॉलर झाले.

प्रशिक्षणानेही धोका शून्यावर येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘द्रौपदी का डांडा’ येथील हिमप्रपातात उत्तरकाशीच्याच संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक बळी पडले. २०१९ च्या मोसमात एव्हरेस्टवर ११ जणांचा मृत्यू झाला; त्यांत महाराष्ट्रातील गिर्यारोहकही होते. शिखर गाठल्यावर परतीच्या वाटेवर प्राण गमावणाऱ्यांची संख्या लक्षणीय असते. शक्ती आणि प्राणवायूचा हिशेब माथ्यापर्यंतचा नव्हे, तर परत तंबूपर्यंतचा मांडावा लागतो.

तेव्हा तयारीचा सर्वांत अवघड भाग म्हणजे वेळीच माघार घेण्याची मानसिकता. मोहिमेचा खर्च लाखांच्या घरात जातो. ग्रामीण भागातील गिर्यारोहक तो देणगीदार, सहकारी संस्था आणि गावकरी यांच्या भरवशावर उभा करतो. स्वागताच्या कमानी डोळ्यांसमोर असताना शिखराच्या अलीकडून मागे वळणे सोपे नसते. कस्तुरीलाही २०२१ मध्ये प्रतिकूल हवामानामुळे परतावे लागले होते; शिखर पुढच्या वर्षी मिळाले. ती माघार अपयश ठरली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मदत करणाऱ्यांनीही आपला क्रम बदलायला हवा. चंदगडसारख्या तालुक्यातील होतकरू मुलाला आधी प्राथमिक अभ्यासक्रमासाठी पाठवावे, मग लहान हिमशिखरासाठी आणि शेवटी मोठ्या मोहिमेसाठी. देणगी देतानाच ‘शिखर न गाठता परतलास तरी चालेल’ असे त्याला स्पष्ट सांगितले, तर त्याच्या पाठीवरचे सर्वांत जड ओझे उतरेल.