लपवलेला कागद आणि लवादाचा निवाडा

महामार्गात जमीन जाणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याकडे हमखास एक सल्ला मिळतो : "निकाल तर लागू द्या, पटला नाही तर पुढे कोर्ट आहेच." आसेगाव-मंगरूळपीर भागात हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. माझ्या मते हा सल्ला घातक आहे. कोर्ट आहे, पण ते आपण समजतो तसे नाही.

राष्ट्रीय महामार्ग कायदा 1956 नुसार मोबदला मान्य नसेल तर लवादाकडे जावे लागते. हा लवाद केंद्र सरकार नेमते आणि तो बहुधा महसूल खात्याचाच वरिष्ठ अधिकारी असतो. त्याच्या निवाड्याला लवाद कायदा 1996 च्या कलम 34 खाली न्यायालयात आव्हान देता येते. पण हे अपील नव्हे. न्यायाधीश जमिनीचा भाव नव्याने ठरवत नाहीत. मुदत निवाड्याची प्रत मिळाल्यापासून 3 महिने. सबळ कारण असल्यास आणखी 30 दिवस. पुढे दार बंद.

आता समजा, विहीर आणि संत्र्याची झाडे नोंदवलेला संयुक्त मोजणीचा अहवाल लवादापुढे आलाच नाही आणि निवाड्यानंतर तो हाती लागला. फसवणुकीने मिळवलेला निवाडा रद्द होऊ शकतो, असे कायदा म्हणतो. सत्यम कॉम्प्युटरच्या रामलिंग राजूंनी जानेवारी 2009 मध्ये हिशेबातील घोटाळा कबूल केला, तेव्हा त्यापूर्वीच झालेल्या निवाड्याच्या वादात ती दडवलेली वस्तुस्थिती मांडू देण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये परवानगी दिली. मात्र लपवलेल्या गोष्टीचा निवाड्याशी थेट संबंध दाखवावा लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर आव्हानाची अनेक कारणे लवादापुढच्या दप्तरावरूनच सिद्ध करावी लागतात. जो कागद दप्तरात येऊच दिला नाही, तो दप्तरातून कसा दाखवणार?

शिवाय जिंकलो तरी काय मिळते? तमिळनाडूतील एम. हकीम प्रकरणात चौरस मीटरला 46.55 ते 83.15 रुपये मोबदला ठरला होता. जिल्हा न्यायालयाने तो 645 केला. न्यायालय निवाडा रद्द करू शकते, रक्कम बदलू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले. त्या शेतकऱ्यांचे वाढीव पैसे न्यायालयाने काढून घेतले नाहीत, पण नियम तोच राहिला. 2025 मध्ये घटनापीठाने बदलाची मर्यादित मुभा दिली. तीही नवा भाव ठरवण्यासाठी नाही.

नवे कागद सरसकट आणू दिले तर वाद संपणारच नाहीत, असे कोणी म्हणेल. दोन कंपन्यांनी राजीखुशीने लवाद नेमला असेल तर ते ठीक. इथे शेतकऱ्याने ना लवाद निवडला, ना जमीन विकायला काढली, आणि कागद सरकारच्याच कपाटात आहे. म्हणून मोजणी, पंचनामे, आधारभूत खरेदीखते हे सारे दप्तर भूसंपादन करणाऱ्याने पहिल्याच तारखेला हजर करावे. न केल्यास त्याचा तोटा त्यालाच व्हावा. ही मागणी आपण एकत्र येऊन लावून धरली पाहिजे.

तोवर माहितीच्या अधिकारात कागद आधीच काढा. समोरच्याने लवादाला दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा. कलम 24 खाली तो तुमचा हक्क आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. कागद मिळाला नाही, तरी मागितल्याची ती नोंद दप्तरात राहील. उद्या न्यायालयात तीच उपयोगी पडेल.