हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची ओळख

घरात कोणाच्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली की नातलग रक्तदात्यांच्या शोधास लागतात. परंतु रोग्यास सिकलसेलचा विकार असेल, तर रक्त किती मिळाले याहून ते कोणते व केव्हा द्यावयाचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

निरोगी तांबडी रक्तपेशी वाटोळी व लवचिक असते. या आनुवंशिक विकारात प्राणवायू कमी पडताच ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. थंडी, शरीरातील पाण्याची तूट व रक्ताची आम्लता यांनी हा धोका वाढतो. हृदयावरील शस्त्रक्रियेत यांपैकी बरेच काही संभवते. कारण हृदय थांबवून त्याचे काम यंत्राकडे सोपवितात व पुष्कळदा शरीरही थंड करतात.

म्हणून अशा रोग्याचे रक्त बहुधा आधीच पालटतात. त्याचे काही रक्त काढून त्याऐवजी निरोगी दात्याचे रक्त भरतात. विकृत हिमोग्लोबिन शेकडा ३० च्या खाली आणावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. वेळ नसल्यास ही अदलाबदल यंत्र सुरू करतानाच करता येते. रक्त न काढता नुसते चढवीत गेल्यास ते दाट होऊन प्रवाह मंदावतो. म्हणून एकूण हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास राखतात. शरीरही शक्यतो उबदार ठेवतात.

ज्यांस वारंवार रक्त घ्यावे लागते, त्यांच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण होऊ शकतात. तेव्हा नेहमीच्या रक्तगटाखेरीज ऱ्हीससमधील सी व ई आणि केल हे उपगटही जुळवावे लागतात. असे रक्त शोधण्यास रक्तपेढीला अवधी हवा.

भारतात हा विकार १९५२ साली निलगिरीत प्रथम नोंदला गेला. विदर्भ, नंदुरबार, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात येथील अनेक कुटुंबांत तो आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. दोष एकाच पालकाकडून आला असेल, तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. तिचे रक्त पालटण्याची गरज बहुधा पडत नाही. तरीही डॉक्टरांना ते ठाऊक असलेच पाहिजे.

वाचकहो, आपल्या कुळात हा विकार असल्यास शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबानेही प्राथमिक तपासणी होते. तपासणीचे कार्ड आणि पूर्वी घेतलेल्या रक्ताच्या नोंदी घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवा. ऐन वेळी रक्तपेढीला त्यांचाच आधार होतो.