नाइट शिफ्ट, उसातली

आपली नाइट शिफ्ट म्हणजे काय? एसी, मशीनची कॉफी आणि सुटल्यावर दारात सोडणारी कॅब. आमच्या ऑफिसातला एक मित्र शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा. त्याच्या वडिलांचीही नाइट शिफ्ट असते. थ्री फेज लाइट रात्री आली, की उसाला पाणी द्यायला निघायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. कारण ऊस म्हणजे बिबट्याचं घर. पिल्लंही तिथंच जन्मतात.

१० डिसेंबर २०२५ला जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश घालून नागपूरच्या विधानभवनात आले. आम्ही क्लिप फॉरवर्ड करून पोट धरून हसलो. मित्र हसला नाही. त्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच भागात, पिंपरखेड-जांबूतला, तीन आठवड्यांत तीन बळी गेले होते. त्यात दोन मुलं.

शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी बिबट्यांचा प्रश्न लोकसभेतही मांडलाय. दिल्लीत कशाला? कारण बिबट्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतो आणि तो कायदा केंद्राचा. म्हणजे पिंजरे राज्याने लावायचे, कायदा दिल्लीनं बदलायचा!

‘‘तुझ्या बाबांचं काय म्हणणं?’’ मी विचारलं.

‘‘दिवसा लाइट द्या. सगळं नाही सुटणार त्यानं. पण रात्री घरी तरी झोपता येईल.’’

तेव्हा बॉस, पुढची क्लिप आली की हसा जरूर. फक्त आमदारांनी आत जाऊन काय मागितलं आणि त्यातलं काय मिळालं, तेही विचारा.