कशावरून?

मंडळी, इकडे न्यू साउथ वेल्समध्ये मूल चौथीत गेलं की घरोघरी ऑपॉर्च्युनिटी क्लासच्या परीक्षेचे वारे वाहू लागतात. वाचन आणि गणिताच्या जोडीला त्यात 'थिंकिंग स्किल्स' हाही भाग असतो, आणि २०२५ पासून ही परीक्षा संगणकावर होते. साहजिकच आपल्या क्वेकर्स हिलमध्येही मुलांचा सराव टॅबवर चालतो. उत्तर बरोबर आलं की तारा, चुकलं की पुन्हा प्रयत्न. गोम इथेच आहे. चारपैकी तीन पर्याय दाबून झाले की चौथा बरोबर ठरणारच! तारा मिळतो, विचार मात्र झालेला नसतो.

विचार होतो तो करून बघण्यातून. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण प्रकल्पात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून एक खेळ तयार केला. त्यातला चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. चौकोनात एक तिरकी काडी घाला, तोही ताठ उभा राहतो. हे मुलाला स्वतःच्या हातांनी कळतं. पुढे गुप्तांनी पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अशी कितीतरी खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे टूथपिक आणि प्ले-डो घेऊनही हा प्रयोग होतो. नंतर मुलांना १९३२ मध्ये खुला झालेला हार्बर ब्रिज दाखवा आणि त्यातले त्रिकोण मोजायला सांगा!

म्हणजे टॅब वाईट असं मुळीच नाही. 'स्क्रॅच'मध्ये मूल स्वतः सूचना रचून मांजर चालवतं, आणि ती भलतीकडे गेली की आपली सूचना कुठे चुकली ते शोधतं. तिथेही विचारच होतो.

साधन कुठलंही असो, बटण दाबण्याआधी मुलाला विचारा, "काय होईल असं वाटतं?" आणि लगेच, "कशावरून?" हा आपला मराठी शब्द फार कामाचा आहे. एका शब्दात पुरावा मागतो!

मात्र एक तयारी ठेवा. उद्या मूल आपल्यालाही "कशावरून?" विचारेल. तेव्हा "मोठ्यांना उलट बोलू नये" म्हणून गप्प केलंत, तर सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून समजा.