ऑनलाइन रोलप्लेमध्ये दुसऱ्याचं पात्र आपण का हलवायचं नसतं?

चॅटवर दोघं-चौघं मिळून गोष्ट रचतात आणि प्रत्येक जण फक्त आपल्या पात्राचं बोलणं-वागणं लिहितो. हा टेक्स्ट रोलप्ले. डिस्कॉर्डवर तो जोरात चालतो. ‘विक्रमने तलवार उगारली’ इथवर ठीक. ‘आणि समोरच्याचा हात तुटला’ असं लिहिलं की खेळ बिघडला. वार चुकवायचा की झेलायचा, हे समोरच्याने लिहायचं. हा नियम मोडण्याला ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात.

नियम किरकोळ वाटतो, पण १९९३ मध्ये ‘लॅम्डामू’ या निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या आभासी जगात एका सदस्याने प्रोग्राम वापरून इतरांची पात्रं ताब्यात घेतली आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं सगळ्यांसमोर लिहिलं. होते शब्दच, पण त्या पात्रांमागची माणसं हादरली. त्याचं खातं अखेर काढून टाकण्यात आलं. पत्रकार ज्युलियन डिबेल यांच्या लेखामुळे हे प्रकरण जगभर गाजलं.

आता अनेक जण एआय चॅटबॉटसोबत रोलप्ले करतात. (कॅरेक्टर डॉट एआयने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये १८ वर्षांखालच्यांसाठी अशा मोकळ्या गप्पा बंद केल्या.) बॉटच्या पात्राचा हात तोडला तरी तो रुसत नाही. तीच सवय घेऊन माणसांत आलेल्याला मात्र लवकरच कुणी खेळायला घेत नाही.

प्रसंग नकोसा झाला तर कंसात लिहायचं. कंसातलं वाक्य पात्राचं नसतं, खेळणाऱ्याचं असतं. ‘(इथे थांबूया का?)’ असं कुणी लिहिलं, की विक्रमची तलवार म्यानात.