आधी बाईला विचारा

पेठ वडगावात किंवा आजूबाजूच्या खेड्यांत कॅन्सर तपासणीचं शिबिर ठरलं, की आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना एकच निरोप येतो, ‘बायका गोळा करा.’ किती बायका हव्यात, ते सांगितलेलं असतं. तपासणी कोणती, करणारी बाई आहे की पुरुष, आडोसा आहे का, रिपोर्ट कधी मिळणार, काही निघालंच तर पुढे कुठे जायचं, हे आपण होऊन कुणी सांगत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘तुम्ही आधी बायका तर आणा!’ आणि बायका आल्या नाहीत की कारण तयार असतं. अज्ञान, लाज, अंधश्रद्धा.

मैत्रिणींनो, या कारणालाच माझा विरोध आहे. बायका येत नाहीत याचं मोठं कारण हे, की तपासणीची पद्धत, वेळ आणि जागा ठरवताना त्यांना कुणी मोजलेलंच नसतं.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीवरचं अमेरिकेतलं एक संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सार्वजनिक दवाखान्यांत येणाऱ्या ९९७ जणांचे तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, दुर्बीण आत घालून आतडं तपासून घ्या. दुसऱ्याला सांगितलं, घरीच शौचाचा नमुना घेऊन द्या, त्यात रक्त आहे का ते पाहू. तिसऱ्याला सांगितलं, दोन्हींतलं तुम्हाला पटेल ते करा. वर्षभरात पहिल्या गटातल्या फक्त ३८ टक्के लोकांनी तपासणी पूर्ण केली. दुसऱ्या गटात ६७ टक्के, आणि तिसऱ्यात ६९. शहर तेच, दवाखाने तेच, गरिबी तीच. मग पहिल्या गटातली माणसंच तेवढी अज्ञानी होती काय?

आपल्या देशात आतड्याचा कॅन्सर त्या देशांच्या मानाने कमी आहे. केंद्र सरकारने २०१६ साली तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा असे तीन कॅन्सर घेतले. यातल्या तिसऱ्याने भारतात दरवर्षी ८० हजारांच्या आसपास बायका मरतात, असा २०२२ सालचा अंदाज आहे. तेव्हा निवडीचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांत जास्त लागू होतो तो इथे. आणि या कॅन्सरवरचं जगातलं फार मोठं संशोधन आपल्याच महाराष्ट्रातल्या बायांच्या शरीरांवर उभं आहे, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे?

१९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) हे काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी ते केलं. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायांचे चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप चाचणी. तिसऱ्या गटात गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासलं. चौथ्या गटातल्या ३१ हजार ४८८ बायांची तपासणी केली नाही; त्यांना नेहमीची सेवा, आणि तपासून घ्यायचं असेल तर कुठे जावं याची माहिती. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बाया गेल्या, न तपासलेल्या गटात ६४.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून असंच काम केलं, अमेरिकी सरकारच्या कॅन्सर संस्थेच्या पैशावर. तिथे ७५ हजारांवर बायांची व्हिनेगरने तपासणी झाली, दर दोन वर्षांनी, चार वेळा. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी ती केली आणि मृत्यूंचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. बाकीच्या ७६ हजार १७८ बायांना सुरुवातीला एकदा आरोग्यशिक्षण मिळालं. तिसरं संशोधन तामिळनाडूतल्या दिंडीगलचं. तिन्हींतल्या न तपासलेल्या बाया मिळून १ लाख ३८ हजार ६२४. त्यांतल्या २५४ जणी या कॅन्सरने गेल्या. डॉ. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरने हा आकडा पुढे आणला, तक्रार केली, आणि २०१४ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये त्यावर लिहिलं.

संशोधकांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, या देशात तपासणी मिळतच नव्हती, म्हणजे या बायांचं आम्ही काही काढून घेतलं नाही; आणि तुलनेला गट नसता तर कोणत्या पद्धतीने जीव वाचतात ते सिद्ध कसं झालं असतं? या कामातून निघालेलं ज्ञान मी नाकारत नाही. जगभरातल्या बायांना आज त्याचा उपयोग होतो आहे. पण पॅप चाचणी १९४० च्या दशकापासून माहीत आहे. श्रीमंत देशांतल्या बायांना ती कित्येक वर्षं मिळत होती. लातूर-उस्मानाबादकडची बाई ‘काहीच न मिळणाऱ्या’ गटात घालायला सोपी पडते, कारण तिला आधीपासूनच काही मिळत नसतं. अभावालाच मोजपट्टी करायची, हा कुठला न्याय? जिचा गट चिठ्ठीने ठरला, तिला ‘अशी चाचणी जगात आहे, आणि ती तुम्हाला इथे मिळणार नाही’ हे तिच्या भाषेत, तिला कळेल असं सांगायला हवं होतं. संमती म्हणजे अंगठा नव्हे.

आणि एवढी किंमत मोजून जे कळलं, त्याचं पुढे काय केलं? एकदाच केलेली एचपीव्ही चाचणी जीव वाचवते, हे उस्मानाबादच्या बायांमुळे कळलं. व्हिनेगरची तपासणी एकदाच केली तर मृत्यू घटल्याचं त्याच संशोधनात दिसलं नाही. मुंबईत ती उपयोगी पडली ती दर दोन वर्षांनी केल्यावर. तरी २०१६ च्या सूचनांत सरकारने कोणती पद्धत धरली? व्हिनेगरचीच, आणि तीही पाच वर्षांतून एकदा! स्वस्त आहे, हे कारण मला समजतं. प्रत्यक्षात तेवढीही झाली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती.

मग बायांना काय हवं असतं? आमच्या भागातली बाई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाते, नाहीतर इचलकरंजीकडे कारखान्यात. तिच्या दृष्टीने व्हिनेगरच्या तपासणीत एक मोठी गोष्ट चांगली आहे, निकाल तिथल्या तिथे कळतो. एक रोज बुडाला, काम झालं. पण टेबलावर झोपावं लागतं, कुणीतरी बघणार असतं, आणि शाळेच्या खोलीत दाराला कडी नसते. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. छोटा ब्रश आत फिरवायचा आणि नळीत घालून द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच चाचणी पहिल्या पसंतीची ठरवली आणि नमुना स्वतः घ्यायलाही मान्यता दिली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून ही निवड बाईच्या हातात आहे. मात्र यात निकालाला थांबावं लागतं, आणि विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नसतं, हे नीट समजावणारं कुणी लागतं. शिवाय नवऱ्याला काय सांगायचं? ‘हा विषाणू शरीरसंबंधातून येतो’ एवढंच अर्धं वाक्य घरी पोचलं तर बाईचे हाल कुत्रा खाणार नाही. कुणाला ही चालेल, कुणाला ती. सुनेला एक, सासूला दुसरी. विचारल्याशिवाय कसं कळणार?

विचारून संशोधन होतं, आणि ते इथेच झालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या, १९८९ साली ते लॅन्सेटमध्ये आलं. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठजणी. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे बाईला शरीर आहे, हे त्या कामाने आरोग्यखात्याला ऐकवलं. गावाशी बोलून, विश्वास मिळवून बाया आल्या.

न विचारता, घाबरवून काय होतं तेही आपण पाहिलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून गेलेल्या कितीतरी जणींना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली होती. त्याच बाया दर हंगामात आपल्याकडच्या कारखान्यांवर कोयता घेऊन येतात. ज्यांना साध्या तपासणीची खरी गरज होती, त्यांच्या वाट्याला थेट शस्त्रक्रिया आली. तपासणीचं शिबिर लागतं तेव्हा त्या फडात असतात, आणि शिबिराच्या यादीत त्यांचं नाव नसतं कारण त्या ‘या गावच्या’ नाहीत.

म्हणून मंडळांनी आता बायका गोळा करण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी, असं मी सुचवते. एचपीव्ही चाचणी आणि स्वतः नमुना घेण्याची सोय कधी येणार? ती येईपर्यंत तपासणाऱ्या नर्सबाईंचं प्रशिक्षण झालंय का, आणि कडी लागेल अशी खोली आहे का? ज्यांचं काही निघेल त्यांना कोल्हापूरला कोण नेणार, गाडीभाडं कुणाचं, बुडालेला रोज कुणाचा? ऊसतोडीच्या बायांसाठी फडावर, संध्याकाळी, कधी येणार? शिबिर होईल त्या दिवशी निकालाची तारीख उपकेंद्राच्या भिंतीवर लावावी. कोणाही संस्थेने संशोधनासाठी नावं मागितली, तर चिठ्ठीत कुणाच्या वाट्याला काय येणार आणि काय येणार नाही, हे आधी बायांच्या बैठकीत सांगावं. वडगावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ही बैठक ठेवली तर खेड्यातल्या बाया हमखास येतात, हा आमचा अनुभव आहे.