फोनवरचा उपचार मोडीत काढू नका



फोनवर बोलून कुणाचे व्यसन सुटत नाही, असे मागील अंकातील पत्रलेखकाने ठणकावून सांगितले आहे. मला ते पटले नाही.

कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाची किंवा ट्रामाडॉलची सवय लागलेला पोरगा दोंडाईचात राहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञासाठी धुळे गाठायचे म्हणजे त्याचा आणि सोबत येणाऱ्याचा रोज बुडाला. मिरची मार्केटात हमाली करणाऱ्या घराला हे किती वेळा परवडणार? शिवाय दवाखान्याच्या बाकावर ओळखीचे कुणी भेटेल, ही धास्ती वेगळीच.

उपचाराची सुरुवात समोरासमोर हवी, हे मात्र मान्य. कोडीन-ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय औषधाचा अंमल उतरण्याआधीच उपचारासाठीची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवली तर त्रास उलट भडकतो. जांभया, गळणारे नाक, अंगावरचा काटा, विस्फारलेल्या बाहुल्या हे सगळे पाहून डॉक्टर ती सुरू करतात. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ब्युप्रेनॉर्फिनसारखी एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखालची औषधे फोनवरून लिहून देता येतच नाहीत. अशी गोळी घरपोच देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहावे.

खरी कसोटी पुढच्या महिन्यांची. व्यसन थांबले की शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वीचाच डोस पुन्हा घेतला तर श्वास बंद पडू शकतो. आणि तलफ रात्री अकराला येते, ओपीडी बंद असताना. त्या वेळी पलीकडे बोलणारे माणूस हवे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. दोन्ही मोफत आहेत.

— एक वाचक, दोंडाईचा (जि. धुळे)